बूच : समुद्रापलीकडून आलेली साल

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, तलवारी आणि राजे आठवतात. पण थोडा इतिहास आपल्या स्वयंपाकघराच्या फळीवरही असतो. आज मी ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे ती जेमतेम अंगठ्याएवढी आहे. तिचं नाव बूच.

तुम्ही म्हणाल, आता बूच कुठं राहिलंय? सगळीकडे प्लास्टिकची झाकणं. खरं आहे. तरी ते घरात आहे. मुलांच्या बॅडमिंटनच्या चांगल्या फुलाचं गोल टोक बुचाचं असतं. क्रिकेटच्या लाल चेंडूच्या पोटात बूच असतं, त्यावर दोरा गुंडाळून वरून कातडं शिवतात. मोटारीत आणि विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल गळू नये म्हणून जी तपकिरी गॅस्केट घालतात, त्यातही बुचाचा चुरा असतो. आणि वाइनच्या बाटलीला तर अजूनही असतंच. वाइनचं नाव काढलं म्हणून नाक मुरडू नका. आपल्याला बाटलीतलं काही नको आहे, आपल्याला तिच्या तोंडाशी काम आहे.

बूच म्हणजे एका झाडाची साल. हे झाड ओकच्या जातीचं. पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया अशा भूमध्य समुद्राच्या आसपासच्या देशांत ते वाढतं, आणि जगातलं निम्मं बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं. या झाडाची गंमत अशी की साल काढण्यासाठी ते तोडत नाहीत. साधारण पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा साल काढतात. मग दर नऊ वर्षांनी. त्याआधी हात लावायचा नाही, असा पोर्तुगालचा कायदाच आहे. पहिल्या दोन वेळची साल खडबडीत असते, ती बाटलीला चालत नाही. बाटलीचं बूच मिळतं ते तिसऱ्या खेपेपासून, म्हणजे झाड चाळिशी ओलांडतं तेव्हा. आजोबांनी लावायचं आणि नातवाने काढायचं, असा हा हिशोब.

साल काढायचं काम उन्हाळ्यात चालतं, हाती कुऱ्हाड घेऊन. घाव वरच्या सालीपुरताच घालायचा, आतल्या जिवंत थराला धक्का लागला तर झाड जायबंदी होतं. म्हणून हे काम करणारे लोक तिकडे फार कसबी समजले जातात आणि शेतमजुरीत त्यांना चांगली मजुरी मिळते. काम झालं की खोडावर पांढऱ्या रंगाने एक आकडा लिहितात, त्या सालाचा शेवटचा अंक. पुढच्या माणसाला कळावं, की याची पाळी कधी. पोर्तुगालमध्ये १७८३ साली लावलेलं असं एक झाड आजही उभं आहे. आपल्याकडे सवाई माधवराव पेशवे होते, तेव्हाचं ते झाड!

आता त्याच्याशी आपल्या चिपळूण-खेडकडचा खैर ताडून बघा. पानात लावायचा काथ मिळतो तो खैराच्या गाभ्यातून. म्हणजे झाड पाडावंच लागतं. काथ काढणाऱ्यांना काथोडी हे नाव पडलं ते याच कामावरून. खैर पाडला की पुढचा खैर तयार व्हायला पुन्हा कित्येक वर्षं. एक झाड पाडून धंदा होतो, दुसरं उभं ठेवून. हा फरक मनात ठेवा, शेवटी त्याच्याकडे येऊ.

बूच यायच्या आधी आपण भांड्यांची तोंडं कशी बंद करत होतो? तेल-तूप बुधल्यात असायचं. लोणच्याच्या बरणीला स्वच्छ धुतलेल्या फडक्याचा दादरा बांधायचा. मडक्याच्या तोंडावर पानं बांधून वरून माती लिंपायची. बारीक तोंडाच्या भांड्याला चिंधीचा नाहीतर नारळाच्या सोडणाचा बोळा. या सगळ्या वस्तू परसातल्या, आणि काम झालं की परसातच जाणाऱ्या. झाकणाचा कचरा होतो, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसेल.

मग पोर्तुगीज आले. १५०८ च्या डिसेंबरअखेर त्यांच्या आरमाराने आपलं दाभोळ बंदर लुटलं आणि जाळलं. पुढे १५१० मध्ये गोवा घेतला, १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली आणि ती १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकेपर्यंत तिथं त्यांचाच अंमल होता. एवढ्या काळात लढाया झाल्या तशी देवघेवही झाली. काजू, अननस, बटाटा, पगार, चावी हे शब्द त्यांचेच. आपल्या लाडक्या हापूसचं नावसुद्धा ‘अफोन्सो’ या पोर्तुगीज नावावरून आलेलं. आणि बूच हा शब्दही पोर्तुगीज ‘बुचा’वरून आला, असं शब्दांचे अभ्यासक सांगतात. बुचा म्हणजे भोकात कोंबायचा बोळा. तोफेत दारू ठासली की वरून जो बोळा घालायचे, तोही बुचाच. म्हणजे बुचाचं आणि दारूचं नातं जुनंच आहे, फक्त दारू वेगळी!

जाळ्याला बांधायचा ‘बोया’ हा आपल्या कोळ्यांचा शब्दही त्याच भाषेतला. पोर्तुगालचे कोळी जाळ्याला बुचाचे तुकडे बांधत. आपल्याकडे बूच नव्हतं, पण पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड होतं. शब्द त्यांचा घेतला, वस्तू आपली राहिली. आपल्या बायाबापड्यांनी परक्या गोष्टी अशाच घेतल्या आहेत, पारखून.

खुद्द बाटलीचं बूच मात्र जरा उशिरा मार्गी लागलं. आधी दारू लाकडी पिंपांतून जायची. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्टीत जाड, मजबूत काच करता यायला लागली. मग बारीक मानेची बाटली आणि तिच्यात घट्ट बसणारं बूच यांची जोडी जमली. त्याच शतकात, १६६५ साली, रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याला मधाच्या पोळ्यासारख्या इवल्या इवल्या खोल्या दिसल्या. त्यांना त्याने ‘सेल’ म्हटलं. आपली मुलं विज्ञानाच्या पुस्तकात ‘पेशी’ शिकतात, त्या धड्याची सुरुवात अशी बुचापासून झाली. एका घन सेंटीमीटर बुचात अशा चार कोटींच्या आसपास खोल्या असतात, आणि त्यांत हवा कोंडलेली असते. म्हणून बूच दाबलं की दबतं आणि सोडलं की फुगतं. बाटलीचं तोंड घट्ट धरतं ते या कोंडलेल्या हवेच्या जोरावर.

१८१८ नंतर कोकणात इंग्रजी अंमल आला. दवाखाने आले, मिक्सचरच्या बाटल्या आल्या. आपल्यातल्या वयस्कर बायकांना ती बाटली नक्की आठवत असेल. घरूनच न्यायची, कंपाउंडर तिच्यात लाल औषध भरायचा, डोस कळावा म्हणून कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा आणि वर बूच दाबायचा. बाटली हरवली तरी पंचाईत आणि बूच हरवलं तरी पंचाईत. बूच गरम पाण्यातून काढून, वाळवून, डब्यात जपून ठेवायचं. तुटलं तर सोडणाचा किंवा कागदाचा बोळा घालून भागवायचं. रॉकेलच्या बाटलीला तर असला बोळाच असे. ‘पुनर्वापर’ हा शब्द तेव्हा कुणी ऐकला नव्हता, पण दूरवरून आलेली वस्तू सहज टाकायची नसते, एवढं सगळ्यांना कळत होतं.

परदेशी बुचाला देशी पर्यायही शोधला गेला. पावसाळा सरता सरता शाळेच्या आवारात लांब देठाच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो, मुली सुईदोऱ्याशिवाय त्याची वेणी गुंफतात. ते बुचाचं झाड. मूळचं ब्रह्मदेशाकडचं. ज्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं, त्याच्या मुलखातलं. ओकशी त्याचं काही नातं नाही. पण त्याची साल जाड, भेगाळ, बुचासारखी मऊ असते. तिच्यापासून हलक्या प्रतीची बुचं करत, म्हणून झाडाला हे नाव पडलं. बुचं गेली, नाव राहिलं. आज वेणी गुंफणाऱ्या मुलीला विचारलं, तर बूच म्हणजे फूलच!

यानंतर झाकणांची जी गोष्ट सुरू होते, ती बूच कमी कमी होत जाण्याची आहे. बुचाचा एक दोष होता. ते वाळलं की आक्रसतं आणि गॅस निसटतो. सोड्याच्या बाटलीला हे परवडणारं नव्हतं. १८७२ साली हायरम कॉड या इंग्रजाने यावर गोटीचा तोडगा काढला. बाटलीच्या मानेत काचेची गोटी, तोंडाशी रबराची कडी, आणि आतला गॅसच गोटीला वर दाबून धरणार. हाच आपला गोटीसोडा. जत्रेत ‘टॉक्’ आवाज करून फुटायचा तो. यातली खुबी बघा. झाकण बाटलीच्या बाहेर येतच नाही. हरवायचं नाही, टाकायचं नाही. बाटली दुकानात परत गेली की झाकणही परत गेलं.

मग १८९२ साली अमेरिकेत विल्यम पेंटरने दातेरी पत्र्याचं झाकण काढलं. त्याच्या आत बुचाची पातळ चकती असे. आपल्याकडे कोकमाच्या आणि आंबारसाच्या बाटल्यांना हेच झाकण यंत्राने दाबून बसवत. ती झाकणं ठोकून चपटी करायची, दोन भोकं पाडून दोरा ओवायचा आणि भिंगरी फिरवायची, हा कोकणातल्या मुलांचा फुकटातला खेळ होता. पुढे चकतीच्या जागी प्लास्टिक आलं. नंतर पत्र्याच्या जागीही प्लास्टिक आलं. आणि सोडणाच्या बोळ्यासारखं मातीत न जाणारं, गोटीसारखं दुकानात परतही न जाणारं झाकण आपल्या हाती पडलं. आज मिऱ्याच्या किंवा भाट्याच्या किनाऱ्यावर गेलात तर भरतीच्या रेषेवर ते सापडतंच. २०१८ साली आपल्या राज्यात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा पिशव्यांची चर्चा फार झाली, झाकणांची कुणी केली नाही.

वाइनच्या बाटलीने मात्र बूच धरून ठेवलं. महाराष्ट्रात हा धंदा रुजवला तो १९८० च्या दशकात, पुणे जिल्ह्यात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी. त्यांची फेसाळणारी वाइन परदेशात ‘ओमर खय्याम’ नावाने विकली जायची. फेसाळणाऱ्या वाइनला बूच तारेने बांधून ठेवावं लागतं, नाहीतर ते बंदुकीच्या गोळीसारखं उडतं. नंतर नाशिक द्राक्षांबरोबर वाइनचं गाव झालं. बूच लावलेली बाटली आडवी ठेवतात, म्हणजे बूच आतून ओलं राहतं आणि आक्रसत नाही. आपल्या राज्यात ‘बाटली आडवी’ करण्याचा अर्थ बायकांना वेगळा सांगायला नको. गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी आपण मत देतो, ते आडव्या बाटलीला. आता नाशिककडच्या पुष्कळ बाटल्यांनाही फिरकीचं पत्र्याचं झाकण आलं आहे. तिला आडवी ठेवायची गरज नाही.

झाकण बदललं तर कुणाचं काय बिघडलं, असं वाटेल. पोर्तुगालमध्ये बिघडण्याची वेळ आली होती. प्लास्टिकची बुचं आणि फिरकीची झाकणं वाढली, तशी तिथं भीती पसरली, की सालीला गिऱ्हाईक उरलं नाही तर एवढी जुनी झाडं लोक कशाला ठेवतील? त्या झाडांखाली गुरं चरतात, मशरूम उगवतात, पक्षी राहतात, आणि ती मुळं उन्हाळी कोरड्या मुलखात माती धरून ठेवतात. म्हणून तिथल्या लोकांनी बुचाची बाजू मांडायला सुरुवात केली. २००८ पासून घराघरांतून वापरलेली बुचं गोळा करून कारखान्यात पाठवायची मोहीम सुरू झाली, आणि त्या पैशातून देशी झाडं लावली जाऊ लागली. गोळा केलेल्या बुचांची पुन्हा बाटलीची बुचं करत नाहीत. त्यांचा चुरा करून फरशीखालच्या चादरी, फलक, चपलांचे तळवे असं काही बनवतात. २०११ साली तिथल्या संसदेने या झाडाला राष्ट्रीय वृक्ष ठरवलं.

आता आपल्या दारातला प्रश्न. गणपतीपुळे, गुहागर, दापोलीकडे रिसॉर्ट वाढली. आपल्या गटांतल्या कितीतरी जणी तिथं साफसफाईला आणि स्वयंपाकाला आहेत. त्या विचारतात, ताई, ही बुचं ओल्या कचऱ्यात टाकायची की सुक्या? म्हणून थोडं कामाचं सांगते.

आधी बूच ओळखा. ब्लेडने आडवं कापून बघा. अस्सल सालीच्या बुचात वाकड्यातिकड्या रेघा आणि बारीक तपकिरी छिद्रं दिसतात. दाणे दाणे चिकटवल्यासारखं दिसलं, तर तो चुरा गोंदाने जोडलेला आहे. आणि सगळीकडे एकसारखं, रबरासारखं किंवा फोमसारखं लागलं, तर ते प्लास्टिक आहे. फक्त पहिल्या प्रकारचं बूच खतात घाला. गोंदाचं आणि प्लास्टिकचं घालू नका, आणि प्लास्टिकचं चुलीत तर मुळीच नको.

अस्सल बूचही अख्खं टाकलं तर वर्षानुवर्षं तसंच राहील. पाणी आत शिरू नये म्हणून निसर्गाने त्यात मेणासारखा पदार्थ भरलेला असतो, त्यामुळे ते लवकर कुजत नाही. म्हणून आधी पाण्यात भिजवा, मग कोयतीने बारीक तुकडे करा आणि ओल्या कचऱ्याच्या थरात थोडे थोडे मिसळा. त्यातून झाडाला खाद्य फारसं मिळणार नाही. पण खत घट्ट बसत नाही, हवा खेळती राहते. नारळाच्या सोडणाचं आपण हेच तर करतो. माडाच्या आळ्यात सोडणं पुरतो, ती हळूहळू कुजतात आणि तोवर ओल धरून ठेवतात. एक सूचना. परदेशात बुचांचे तुकडे कुंडीत मातीवर पसरतात. आपल्याकडे आषाढातल्या पहिल्याच सरीत ते तरंगत शेजारणीच्या अंगणात जातील!

हेच तरंगणं उपयोगी पडतं. होडीच्या किंवा लाँचच्या किल्लीला दोन-तीन बुचं ओवून बांधा, किल्ली पाण्यात पडली तरी वर राहील. गरम पातेल्याखाली ठेवायला बुचांच्या चकत्यांची बैठक छान होते, चटका लागत नाही. खुर्चीच्या पायाला चकती लावली की फरशी खरवडत नाही. बुचावर नक्षी कोरून कापडी पिशवीवर ठसे मारता येतात. किल्लीची साखळी आणि बैठक या दोन वस्तू पर्यटक घेतात. पण यावर गटाचा कायमचा धंदा उभारू नका. कच्चा माल दुसऱ्याच्या पार्टीवर अवलंबून असलेला धंदा कसला? तो जोडधंदा म्हणून ठीक.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. एकदा उघडलेलं बूच पुन्हा खाण्यापिण्याच्या बाटलीला लावायचं नाही. स्क्रूचं भोक पडलेलं असतं, छिद्रांत बुरशी राहते. हल्ली शहरातले काही दुकानदार म्हणतात, तुमच्या आगळाच्या बाटलीला बूच लावा, गावाकडचं वाटेल, भाव जास्त येईल. मैत्रिणींनो, आगळ आंबट आणि खारट, बाटली उभी ठेवायची, बूच वाळणार, आगळ झिरपणार आणि तक्रार आपल्याच नावावर येणार. नवं, कोरडं बूच हळदीच्या, मसाल्याच्या काचेच्या बरणीला शोभतं. आगळाला घट्ट झाकणच हवं. तिथं दिसण्यापेक्षा गोटीसोड्याची रीत घ्यावी, असं मी सुचवेन. काचेची बाटली, तिच्यावर थोडी अनामत, आणि गावातलं, बाजारातलं, रिसॉर्टमधलं गिऱ्हाईक बाटली झाकणासकट परत देणार. बाटली धुवून, उकळून पुन्हा वापरायची, झाकण तपासायचं, खराब असेल तर बदलायचं. मुंबईला गेलेली बाटली परत येणार नाही हे मला ठाऊक आहे. पण जवळची तर येईल!

मघाशी खैराची आणि बुचाची तुलना केली होती. आपल्याकडेही उभं ठेवून कमाई देणारं झाड आहे, ते म्हणजे रातांबा. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण कागदावरच्या मानांकनाने झाड वाचत नाही. परड्यातला रातांबा उभा आहे, कारण मे महिन्याच्या उन्हात कुणीतरी बाई रातांबे फोडते, सालं आगळात भिजवते, पुन्हा वाळवते, आणि त्या आमसुलाला कुणीतरी दाम देतं. दाम मिळेनासा झाला की त्याच झाडाची फांदी चुलीत किंवा बॉयलरला जाते. पोर्तुगालच्या लोकांना हे वेळेवर कळलं. त्यांनी झाडाचं रक्षण नुसत्या भाषणाने केलं नाही, नऊ वर्षांची शिस्त पाळली आणि सालीला किंमत राखली.

तेव्हा या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं काढा. आपल्या गटाच्या हद्दीत रातांबे किती उभे आहेत, गेल्या पाच वर्षांत किती तुटले, आणि किती फळ झाडाखालीच कुजतं, हे वहीत मांडा. पोर्तुगालचे लोक खोडावर आकडा लिहितात, आपण वहीत लिहू. पुढच्या मे महिन्याच्या खरेदीचा भाव ठरवताना ती वही समोर असू द्या.